जन्मानंतर हृदयात मागे उरतं ते काय?

हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात माणसाच्या डाव्या जवनिकेतल्या एक अब्जापर्यंत स्नायूपेशी काही तासांत मरू शकतात. यकृताचा तुकडा काढला तर ते वाढून येतं, कातडी भरून येते, रक्त रोज नवं तयार होतं. हृदयात मात्र मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण धरतो आणि उरलेला स्नायू आयुष्यभर दुप्पट राबतो. असं का, हा प्रश्न जुनाच आहे. त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुढे आला. जन्मानंतर हृदयात नवा स्नायू घडवू शकणाऱ्या जनक पेशी उरतात का? आणि उरत असतील, तर त्या भ्रूणाच्या कोणत्या भागातून आलेल्या असतात?

आमच्या घरात या प्रश्नावर दोन ठाम मतं आहेत. आत्याने शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवलं आणि त्यातही तिचा जीव भ्रूणविज्ञानात. दादा बंगळूरला एका प्रयोगशाळेत उंदरांच्या हृदयावर काम करतो. वयं पाहून कुणालाही वाटेल की जनक पेशींची बाजू दादा घेत असेल आणि शंका आत्या काढत असेल. आहे नेमकं उलट. त्यांचं बोलणं मी इथे सलग मांडते आहे. मध्ये मध्ये माझंही मत येईल, कारण मला या वादात तटस्थ राहता आलेलं नाही.

आत्या: तू एकदम ‘नाहीत’ म्हणून मोकळा होतोस, ते मला पटत नाही. कशाच्या जोरावर म्हणतोस?

दादा: मोजणीच्या. १९५५ ते १९६३ या काळात उघड्यावर अणुचाचण्या झाल्या आणि हवेतला कार्बन-१४ एकदम वाढला. तो झाडांत गेला, अन्नात गेला, आपल्या डीएनएत गेला. चाचण्यांवर बंदी आल्यावर तो वर्षागणिक उतरत गेला. म्हणजे पेशी ज्या वर्षी जन्मली त्या वर्षीचं प्रमाण तिच्या डीएनएत टिकून राहतं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ साली त्यावरून माणसाच्या हृदयातल्या स्नायूपेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला साधारण एक टक्का पेशी नव्या येतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. सगळं आयुष्य धरलं तरी निम्म्याहून कमीच पेशी बदलतात.

आत्या: म्हणजे शून्य नाही. पाठ्यपुस्तकं तर म्हणायची की जन्मानंतर ही पेशी विभागतच नाही. मग हा एक टक्का कुठून येतो?

दादा: जुन्याच स्नायूपेशींतून. बॉस्टनला रिचर्ड ली यांच्या गटाने २०१३ मध्ये उंदरांना नायट्रोजन-१५ घातलेला डीएनएचा घटक दिला आणि एकेका पेशीत तो कुठे गेला ते पाहिलं. जुन्या स्नायूपेशींवर आधीच रंगाची खूण होती. नव्या पेशी जवळजवळ सगळ्या त्या खुणेच्याच निघाल्या.

आत्या: याच गटाने २००७ मध्ये काय म्हटलं होतं तेही सांग की.

दादा: सांगतो ना. २००७ मध्ये त्यांनी उंदराच्या बहुतेक स्नायूपेशींवर हिरवी खूण केली होती. धडधाकट हृदयात हिरव्यांचं प्रमाण वर्षभर तसंच राहिलं. इजा केल्यावर मात्र ते घसरलं. अर्थ असा काढला की बाहेरून, म्हणजे खूण नसलेल्या जनक पेशींतून, नवा स्नायू आला. सहा वर्षांनी जास्त बारीक मोजणारं यंत्र हाती आलं आणि त्यांनीच सांगितलं की इजेजवळ येणाऱ्या नव्या पेशीही मुख्यतः जुन्यांच्याच असतात.

इथे मला दोघांना थांबवावंसं वाटलं. एकाच प्रयोगशाळेने सहा वर्षांच्या अंतराने आपल्याच निष्कर्षाची दिशा बदलली, आणि ती उघडपणे छापून. या क्षेत्राची सगळी गोष्ट अशीच घडली असती तर किती बरं झालं असतं. पण तशी ती घडली नाही.

दादा: सगळा घोळ सी-किटने घातला. पेशीच्या पृष्ठभागावर असणारं हे प्रथिन. रक्ताच्या मूलपेशींवर ते असतं हे ठाऊक होतं. २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध आला की अस्थिमज्जेतल्या सी-किटवाल्या पेशी उंदराच्या जखमी हृदयात टोचल्या तर नऊ दिवसांत मेलेल्या भागाचा मोठा हिस्सा नव्या स्नायूने भरतो. २००३ मध्ये ‘सेल’मध्ये पिएरो अँव्हर्सा यांच्या गटाने सांगितलं की प्रौढ हृदयातच सी-किटवाल्या मूलपेशी राहतात. २००४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी अस्थिमज्जेचा प्रयोग करून पाहिला. रक्तपेशींतून स्नायू होत नाही असं त्यांना दिसलं. तरी गाडी थांबली नाही. माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या.

आत्या: आणि २०१८च्या ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलने त्या प्रयोगशाळेचे एकतीस निबंध मागे घ्यावेत अशी शिफारस केली. ‘लॅन्सेट’मधला २०११चा रुग्णांवरच्या चाचणीचा निबंध २०१९ मध्ये मागे घेतला गेला. हे सगळं मला माहीत आहे. त्याचा राग तुझ्याइतकाच मलाही आहे, कदाचित जास्त. कारण त्या चाचण्यांत खरी आजारी माणसं होती. पण एका प्रयोगशाळेचे निबंध पडले म्हणून प्रश्न पडत नाही.

दादा: प्रश्न निबंधांनी नाही पाडला, मोजणीने पाडला. सिनसिनाटीला जेफ्री मोल्केंटिन यांच्या गटाने २०१४ मध्ये अशी उंदरं तयार केली की ज्या पेशीत कधीही सी-किट चालू झालं, ती आणि तिची सगळी प्रजा कायमची रंगावी. गर्भापासून म्हातारपणापर्यंत. हृदयातल्या स्नायूपेशींपैकी रंगलेल्या किती निघाल्या? ०.०३ टक्के, फार तर. त्यातल्या दोन पेशी एकमेकींत मिसळून रंगलेल्या वगळल्या तर ०.००८. रंगलेल्या बाकीच्या पेशी बहुतेक रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या होत्या. सी-किट मास्ट नावाच्या रोगप्रतिकारक पेशींवर असतं, अस्तराच्या पेशींवर असतं. खाकी कपडे घातलेला प्रत्येक माणूस पोलीस नसतो, आत्या.

आत्या: नसतो. म्हणून तर मी कपड्यांवरून बोलत नाही, कूळ विचारते. तुम्ही सगळे प्रौढ हृदयातून मागे पाहता. मी भ्रूणाकडून पुढे येते. ऐक आता.

यानंतर आत्या बराच वेळ बोलली. दादाने मध्ये तोंड घातलं नाही. तिला हे सांगताना पाहणं हाच एक अनुभव आहे, म्हणून मी ते फारसं छाटत नाही.

आत्या: हृदय एका जागी, एका प्रकारच्या पेशींतून घडत नाही. तिसऱ्या आठवड्यात मध्यस्तरातल्या पेशी चंद्रकोरीसारख्या जमतात. त्यांची नळी होते आणि बाविसाव्या दिवसाच्या आसपास ती नळी धडधडायला लागते. खूप काळ वाटत होतं की या नळीतच सगळं हृदय आहे, ती फक्त वळते आणि फुगते. २००१ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी, कुणी कोंबडीच्या तर कुणी उंदराच्या भ्रूणात, दाखवलं की नळीच्या मागे, घशाच्या बाजूच्या मध्यस्तरात, पेशींचा दुसरा साठा थांबलेला असतो. त्या विभागत राहतात आणि नळीच्या दोन्ही टोकांना मागाहून येऊन मिळतात. यालाच सेकंड हार्ट फील्ड, म्हणजे दुसरं क्षेत्र, म्हणतात; आधी नळी घडवणाऱ्या पेशी म्हणजे पहिलं क्षेत्र. डावी जवनिका मुख्यतः पहिल्या क्षेत्राची. उजवी जवनिका आणि हृदयातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या वाहिन्यांचं मूळ दुसऱ्या क्षेत्राचं. कर्णिकांचाही बराच भाग दुसऱ्याचाच. २००३ मध्ये सिल्व्हिया एव्हान्स यांच्या गटाने दाखवलं की या उशिरा येणाऱ्या पेशींत आयलेट-१ हे जनुक चालू असतं आणि स्नायू झाल्यावर ते बंद होतं.

दादा: आणि तिसरं घराणं तुझं लाडकं.

आत्या: लाडकं का नसावं? न्यूरल क्रेस्ट. मज्जानलिका मिटताना तिच्या काठावरून सुटणाऱ्या पेशी. त्यांतून चेहऱ्याची हाडं होतात, कातडीतल्या रंगद्रव्याच्या पेशी होतात, आतड्यातल्या मज्जापेशी होतात. पॅरिसजवळ नोझाँला निकोल ल दुआराँ यांनी लाव्ह्याच्या भ्रूणातला तुकडा काढून कोंबडीच्या भ्रूणात बसवला. लाव्ह्याच्या पेशीचं केंद्रक रंग दिल्यावर वेगळं, घट्ट ठिपक्याचं दिसतं; त्यामुळे कुठली पेशी कुठे चालत गेली ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतं. मार्गारेट कर्बी यांनी हीच युक्ती हृदयाला लावली. १९८३ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी लिहिलं की पाठीमागच्या मेंदूच्या पातळीवरून निघालेल्या न्यूरल क्रेस्ट पेशी घशाच्या कमानींतून खाली हृदयात येतात आणि महाधमनी व फुप्फुसधमनी वेगळी करणारा पडदा घडवतात. तेवढ्या पेशी काढून टाकल्या की पडदा होतच नाही, दोन धमन्यांच्या जागी एकच खोड राहतं. बालहृदयरोग विभागात असं बाळ येतं तेव्हा त्या आजाराचं मूळ डोक्याजवळ असतं, छातीत नसतं. मुलांना हे शिकवताना वर्ग गप्प व्हायचा.

दादा: पण आत्या, पडदा वेगळा आणि स्नायू वेगळा. सस्तन प्राण्यांत न्यूरल क्रेस्टमधून हृदयाचा स्नायू होतो असं कुणी म्हणत नव्हतं.

आत्या: माशांत होतो. झेब्राफिशमध्ये २००३ पासून ते दिसलं आहे. उंदरांत २००५ मध्ये टोकियोच्या केइओ विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की हृदयातून काढून बशीत वाढवलेल्या, गोळ्यांसारख्या जमणाऱ्या सुप्त मूलपेशींत न्यूरल क्रेस्टच्या वंशाच्या पेशी असतात. त्याच वर्षी केनेथ चिएन यांच्या गटाने उंदराच्या, घुशीच्या आणि माणसाच्याही नवजात हृदयात आयलेट-१ असलेल्या थोड्या पेशी दाखवल्या आणि त्या बशीत आकुंचन पावणाऱ्या स्नायूपेशी होतात हे दाखवलं. म्हणजे भ्रूणातल्या दोन्ही उशिरा येणाऱ्या घराण्यांचे अवशेष जन्माच्या वेळी हृदयात आहेत. हे तर मान्य?

दादा: जन्माच्या वेळी आहेत, मान्य. पुढे काय होतं ते ऐक. हॅम्बुर्गच्या गटाने २०१२ मध्ये प्रौढ उंदरात आयलेट-१ कुठे उरतं ते काळजीपूर्वक शोधलं. सापडलं कुठे? सायनस नोडमध्ये, म्हणजे हृदयाची गती ठरवणाऱ्या पेशींत. मोठ्या धमन्यांजवळच्या चेतापेशींच्या गाठींत. हृदयाला इजा केली तरी त्या पेशी वाढल्या नाहीत, जखमेकडे गेल्या नाहीत. जनक पेशी म्हणून ज्या पेशींकडे बोट दाखवत होतो, त्या आपापलं कायमचं काम करणाऱ्या, पूर्ण घडलेल्या पेशी होत्या.

आत्या: आणि मायामीचं काम?

दादा: वाटच पाहत होतो. जोशुआ हेअर यांच्या प्रयोगशाळेचा २०१५चा निबंध.

आत्या: तोच. सी-किटचा सगळा गोंधळ त्यांनी कुळाच्या प्रश्नावर आणला, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो. त्यांनी सी-किटची आणि न्यूरल क्रेस्टची अशा दोन खुणा एकाच वेळी लावल्या आणि दाखवलं की हृदयातल्या सी-किटवाल्या जनक पेशी न्यूरल क्रेस्टच्या आहेत. स्नायू होण्याची पूर्ण कुवत त्यांच्यात आहे. मग हृदयात त्यांच्यापासून स्नायू इतका कमी का होतो? तर त्यांच्या मते, त्या पेशींना स्नायू व्हायला बीएमपी हा संदेश दाबलेला असावा लागतो. भ्रूणात चंद्रकोर जमते तेव्हा तो थोडा वेळ दाबलेला असतो. न्यूरल क्रेस्ट पेशी हृदयात पोहोचेपर्यंत ती वेळ टळून गेलेली असते. कुवत आहे, जागा अनुकूल नाही. तुझं ०.०३ टक्के त्यांनी नाकारलंच नाही. ते म्हणाले, योगदान थोडं म्हणून कुवत थोडी असं होत नाही.

हा मुद्दा आत्याने मांडला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत. दादा हृदयाने काय केलं ते मोजतो. आत्या हृदय काय करू शकलं असतं ते विचारते. आजारी माणसासाठी पहिलं महत्त्वाचं, पण नवा उपचार जर कधी निघाला तर तो दुसऱ्यातूनच निघेल.

दादा: बशीत दिसलेल्या कुवतीवर माझा विश्वास कमी आहे. बशीत पेशीला आपण हवं ते खाऊ घालतो.

आत्या: आणि मोल्केंटिनच्या उंदरात रंग चालू करणारी जनुकीय कात्री सी-किटच्याच जनुकात बसवली, त्यामुळे त्या जनुकाची एक प्रत निकामी झाली. पेशीला अर्धं पांगळं करायचं आणि मग म्हणायचं ती चालत नाही.

दादा: हा आक्षेप अनेकांनी घेतला होता. म्हणूनच मी २०१८चा शांघायचा प्रयोग मानतो. बिन झोऊ यांच्या गटाने सी-किट, आयलेट-१, कुठल्याच खुणेवर विसंबायचं नाही असं ठरवलं. क्री आणि ड्री अशा दोन वेगवेगळ्या जनुकीय कात्र्या वापरल्या. स्नायूपेशी एका रंगाच्या, आणि हृदयातल्या स्नायू नसलेल्या बाकी सगळ्या पेशी दुसऱ्या रंगाच्या. मग वाट पाहायची की दुसऱ्या रंगाची स्नायूपेशी कधी दिसते का. भ्रूणाच्या सुरुवातीच्या काळात दिसली. प्रौढ हृदयात नाही. इजा केल्यावरही नाही. जनक पेशी कुठल्याही कुळाची असो, या जाळ्यातून ती निसटायला नको होती.

आत्या काही वेळ बोलली नाही. या प्रयोगापुढे प्रौढ हृदयातल्या जनक पेशींची बाजू मलाही लढवण्यासारखी वाटत नाही, आणि मी ते तिला सांगितलं.

आत्या: प्रौढाचं मी सोडलं. पण दोन टोकं सांगितलीस, भ्रूण आणि प्रौढ. मधलं काय? उंदराचं पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवशी हृदयाचं टोक कापलं तर तीन आठवड्यांत ते भरून येतं. डॅलसच्या गटाचं २०११चं काम. सातव्या दिवशी कापलं तर व्रण धरतो. माणसातही ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये एका नवजात बाळाची नोंद केली आहे. जन्मताच मोठा झटका आलेला, आणि हृदयाचं काम पुन्हा चांगलं झालं. त्या आठवड्यात काय बंद होतं?

दादा: हवा बदलते. गर्भात प्राणवायू कमी असतो. जन्मानंतर तो एकदम वाढतो, त्याने डीएनएला इजा होते आणि स्नायूपेशी विभागणं थांबवते. २०१४ मध्ये डॅलसच्याच हेशम सादेक यांच्या गटाने ते दाखवलं. आणि पिल्लाचं टोक भरून आलं तेही बहुतांशी जुन्या स्नायूपेशींच्या विभागणीतून. त्यांनी खूण लावून पाहिलं होतं.

आत्या: ‘बहुतांशी’.

दादा: बहुतांशी. तुझी बोट ठेवायची सवय गेली नाही. पण आत्या, हा ‘बहुतांशी’ बाजारात किती महाग विकला जातो ते तुला माहीत आहे. जन्मजात हृदयदोष असलेल्या बाळाचे आईवडील पैसे गोळा करून मूलपेशींच्या इंजेक्शनचा पत्ता विचारत फिरतात. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे मूलपेशी फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात. तरी विचारतात. मोल्केंटिन यांनी नंतर उंदरांत मेलेल्या पेशी टोचल्या, यीस्टच्या भिंतीतलं एक रसायन टोचलं. जिवंत पेशींइतकाच फायदा दिसला. सूज येते, रोगप्रतिकारक पेशी येतात, व्रण थोडा सुधारतो. नवा स्नायू नाही. त्या आईला मी ‘कुवत’ कशी समजावू?

आत्या: नको समजावूस. तिला सांग, आज असा उपचार नाही. मीही तेच सांगते, आणि शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलू नका म्हणून बजावते. पण प्रयोगशाळेत तू तिच्याशी बोलत नसतोस. तिथे विचार की टोक कापून काय विचारलं गेलं. टोक कुठल्या क्षेत्राचं?

दादा: डाव्या जवनिकेचं. पहिल्या क्षेत्राचं.

आत्या: आणि उशिरा येणारी दोन्ही घराणी कुठून आत शिरतात? वरून, मुख्यतः मोठ्या धमन्यांच्या मुळातून. अवशेष असतील तर ते तिथे दाट असणार. तुम्ही इजा खाली केलीत, त्यांच्यापासून सगळ्यात लांब, आणि म्हणालात, कुणी आलं नाही.

दादाने कागद ओढला आणि पिल्लाच्या हृदयाचं चित्र काढलं. मोठ्या धमन्यांभोवती त्याने पेन्सिलने दोनदा रेघ मारली.

दादा: हे कुणी मला असं विचारलं नव्हतं. पण तिथे कात्री लावली तर पिल्लू मरेल, आत्या. एक दिवसाच्या पिल्लाचं हृदय काही मिलिमीटरचं. धमनी फाटली की संपलं.

आत्या: कापू नकोस, गोठव. थंड सळई उजव्या जवनिकेच्या तोंडाशी टेकव, धमनीच्या खाली. ती भिंत दुसऱ्या क्षेत्राची.

दादा: आणि खूण शांघायची, दोन कात्र्यांची. सी-किट नको.

आत्या: सी-किट नको. पण न्यूरल क्रेस्टची खूण वेगळी लाव, नाहीतर दुसऱ्या रंगाची पेशी सापडली तरी ती कुठल्या घरची ते कळणार नाही. आणि इजा पहिल्या दिवशीही कर, सातव्या दिवशीही.

दादा: पहिल्या दिवशी वरच्या भागात एकही रंग बदललेली स्नायूपेशी सापडली नाही तर?

आत्या: तर नवजाताचंही मी सोडेन. आणि सापडली तर?

दादा: किती सापडल्या ते आधी मोजेन.